लिनक्सवर मराठी लिहिता येत नाही, हा गैरसमज

विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून घरातल्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली, म्हणजे तिचे उबंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार, बसवण्याचा विचार अनेकजण करत आहेत. पण ‘लिनक्सवर मराठी चालत नाही’ हे जुने वाक्य ऐकून त्यातले काहीजण मागे फिरतात, आणि ते वाक्य चुकीचे आहे.

गैरसमजाचे मूळ जुन्या फाँटमध्ये आहे. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर लग्नाची पत्रिका किंवा अर्ज उघडला की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसत. हे विंडोजवरही तसेच घडते. दोष लिनक्सचा नाही. अशा फायली आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) रूपांतरित करून घ्याव्यात आणि जोडाक्षरे नीट तपासावीत, हे काम मात्र टाळता येत नाही.

युनिकोड मराठीसाठी उबंटूच्या सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात मराठी हा इनपुट स्रोत (टंकनाची भाषा व मांडणी) जोडावा. यादीत हवा तो पर्याय दिसला नाही, तर आयबस-एम१७एन (ibus-m17n) हे टंकनाच्या आणखी मांडण्या देणारे पॅकेज बसवावे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत ‘के’, ‘डी’, ‘जे’ या कळा क्रमाने दाबल्या की ‘क्र’ उमटतो, आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’ दाबून मिळतो. विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना बोटांची सवय बदलावी लागत नाही. उबंटू पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, आधी चालवून पाहता येते.