एका गोळ्याचे दोन गोळे: निवडीच्या गृहीतकाची पार्श्वभूमी

एका भरीव गोळ्याचे पाच तुकडे करायचे, ते नुसते फिरवून-सरकवून पुन्हा जोडायचे, की मूळ गोळ्याएवढेच दोन भरीव गोळे तयार. कुठे ताणणे नाही, बाहेरून भर नाही. १९२४ साली पोलंडच्या दोन गणितज्ञांनी हे शक्य असल्याचे सिद्ध केले. पाचांहून कमी तुकड्यांत भागत नाही, हे १९४७ मध्ये ठरले. अनंताच्या विरोधाभासांत हा गोळा हमखास येतो आणि खापर अनंतावर फुटते. मूळ भांडण मात्र वीस वर्षे आधीच्या एका गृहीतकाचे आहे.

जितक्या नैसर्गिक संख्या तितकेच त्यांचे वर्ग, हे कोडे १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या एका इटालियन ग्रंथात आहे. अनंताला कमी-जास्त हे शब्दच लावू नयेत, असा निष्कर्ष काढून लेखक मोकळा झाला. १८७४ मध्ये एका जर्मन प्राध्यापकाला कळले की वास्तव संख्यांचा संच गणनीय, म्हणजे १, २, ३ असे क्रमांक देऊन मोजता येण्याजोगा, नाही, आणि ती पळवाट बंद झाली. तीन वर्षांनी त्यालाच आढळले की रेषाखंडावर जितके बिंदू तितकेच चौरसात. ‘दिसते आहे, पण विश्वास बसत नाही’, असे त्याने मित्राला कळवले. १८८८ मध्ये त्या मित्राने तर कोड्यालाच व्याख्या करून टाकले: जो आपल्याच एका भागाशी एकास-एक जुळतो, तो संच अनंत. बाराव्या शतकातल्या ‘खहर’ (शून्याने भागलेल्या) राशीची आठवण आपल्याकडे इथे हटकून निघते, पण या वादाशी तिचा धागा जुळत नाही.

खरी ठिणगी १९०४ ची. त्या वर्षी हायडेलबर्गच्या परिषदेत एका हंगेरियन गणितज्ञाने दावा केला की वास्तव संख्या सुक्रमाने, म्हणजे रिकाम्या नसलेल्या प्रत्येक उपसंचाला पहिला घटक असेल अशा रीतीने, लावताच येणार नाहीत. दावा टिकला नाही. दीड महिन्यातच ग्योटिंगेनच्या एका तरुण अध्यापकाने उलट सिद्ध केले की कुठलाही संच सुक्रमाने लावता येतो. जेमतेम तीन पानांच्या या सिद्धतेचा सगळा भार एका वाक्यावर होता: रिकामे नसलेले कितीही संच असोत, प्रत्येकातून एकेक घटक एकाच वेळी निवडता येतो. हेच निवडीचे गृहीतक. बुटांचे अनंत जोड असतील तर ‘प्रत्येकातला डावा’ हा नियम पुरतो, गृहीतक लागत नाही. मोजे दोन्ही सारखेच. तिथे नियम सांगता येत नाही, तरी निवड झाली असे मानावे लागते.

१९०५ मध्ये चार फ्रेंच गणितज्ञांची याविषयीची पाच पत्रे छापली गेली. तिघे विरोधात, एक बाजूने. जी वस्तू नेमकी सांगता येत नाही ती ‘आहे’ म्हणण्यात अर्थ काय, हा विरोधकांचा सवाल. सवाल पोकळ नव्हता. पण विचारणाऱ्यांचेच हात त्यात अडकलेले होते. गणनीय संचांचा गणनीय संयोग गणनीय असतो, हे ते बिनदिक्कत वापरत आणि त्याला या गृहीतकाचे सौम्य रूप लागते. ते काढून घेतले तर वास्तव संख्यांचा संचसुद्धा गणनीय संचांचा गणनीय संयोग ठरू शकतो. हे पुढे सिद्धही झाले, आणि मापनाच्या, म्हणजे लांबी-क्षेत्रफळ मोजण्याच्या, नव्या सिद्धांताचा पायाच मग डळमळतो. विरोधाला तत्त्वनिष्ठा म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात हिशेबाची कच्ची बाजूही दिसते.

लांबीच नसलेला पहिला संच १९०५ मध्येच इटलीत सापडला. १९१४ मध्ये गोलपृष्ठावर तसाच प्रयोग झाला आणि त्यातून १९२४ चे प्रमेय आले. त्यातल्या तुकड्यांना घनफळच नसते, म्हणून ‘घनफळ दुप्पट झाले’ ही तक्रार नेम चुकवते. किमया फिरवण्यातली आहे: त्रिमितीत दोन भ्रमणे अशी निवडता येतात की ती कशीही एकापुढे एक केली तरी, स्वतःचेच उलट केल्याखेरीज, परत मूळ जागी आणत नाहीत. प्रतलात अशी सोय नाही, म्हणून तिथे चकतीच्या दोन चकत्या होत नाहीत. १९२४ च्या त्या दोन पोलिश गणितज्ञांपैकी एकाची गोष्ट सांगतात. निवडीच्या गृहीतकाशी सममूल्य असे एक प्रमेय त्याने पॅरिसला पाठवले. एका परीक्षकाने कळवले, दोन्ही विधाने खरीच आहेत, यात नवे काय? दुसऱ्याने कळवले, दोन्ही खोटी आहेत, यात रस कोणाला?

निर्णय लागला, पण कोणाच्याच बाजूने नाही. संच सिद्धांताची बाकीची गृहीतके विसंगत नसतील तर निवडीचे गृहीतक जोडल्यानेही विसंगती येत नाही, हे १९३८ मध्ये कळले; त्यांच्यावरून ते सिद्धही होत नाही, हे १९६३ मध्ये. ‘मग सोडून द्या’ म्हणणे सोपे नाही. १९९१ मध्ये दिसले की फलन विश्लेषण या गणितशाखेत रोज लागणारे, निवडीच्या गृहीतकाहून दुबळे असे विस्तार-प्रमेय तेवढे मान्य केले, तरी गोळ्याचे दोन गोळे होतातच.

१९२५ मध्ये विचारलेला त्याचा भाऊबंद प्रश्न, चकतीचे तुकडे जोडून तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस होईल का, १९९० मध्ये सुटला: होतो, सुमारे १०^५० तुकड्यांत, आणि तुकडे न फिरवता नुसते सरकवून. ती सिद्धता निवडीवर टेकली होती. २०१७ मध्ये ती टेकणही निघाली. आता तुकडे नेमके सांगता येतात आणि प्रत्येकाला क्षेत्रफळ आहे.