महत्त्वाकांक्षा वेगळी, आत्मविश्वास वेगळा: बल्गेरियाच्या काही माणसांकडे बघून

कुणी मेडल जिंकलं की लगेच पोस्टी सुरू होतात, "स्वतःवर विश्वास होता म्हणून जमलं", आणि खाली दुसरा कुणी लिहितो "मोठी स्वप्नं बघा, पूर्ण होतातच", आणि दोघांनाही वाटतं आपण एकच गोष्ट बोलतोय. तर नाही. महत्त्वाकांक्षा म्हणजे कुठे पोचायचंय ते, आणि आत्मविश्वास म्हणजे आत्ता जे हातात आहे त्यावर आपलं भागेल ही खात्री. एक असली म्हणजे दुसरी असेलच असं अजिबात नाही, आणि कधीकधी तर एक दुसरीच्या पायात पाय घालते.

मी हे बल्गेरियाच्या लोकांवरून सांगणार आहे, कारण देश छोटा, 2021 च्या जनगणनेत साधारण 65 लाख लोक, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी, पण तिथल्या खेळाडू-कलाकारांच्या गोष्टींमध्ये हा फरक इतका उघडा दिसतो की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बुद्धिबळापासून सुरू करू कारण त्यात आपला विशी आनंद आहे. 2010, बल्गेरियाची राजधानी सोफिया, वर्ल्ड चॅम्पियनशिप, विश्वनाथन आनंद विरुद्ध व्हेसेलिन टोपालोव. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद, आनंद फ्रँकफर्टहून गाडीने युरोप ओलांडून सोफियाला पोचला, तीन दिवस मागितले होते, मिळाला एक, आणि पहिलाच डाव हरला. तरी अकरा डावांनंतर स्कोअर साडेपाच-साडेपाच. बारावा डाव शेवटचा, टोपालोवकडे पांढरी मोहरी, घरचं मैदान, आणि डाव बरोबरीत सुटला असता तर टायब्रेक रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या झटपट डावांत, जिथे आनंदला हरवणं म्हणजे काय ते सगळ्या जगाला माहीत होतं. पटावर बरोबरी समोर दिसत होती. टोपालोवने ती घेतली नाही, प्यादी मारत गेला, राजा उघड्यावर आला आणि आनंदने काळ्या मोहऱ्यांनी त्या राजाची शिकार केली. 6.5-5.5.

आता हा डाव बघून बरेच जण म्हणतात की बघा, केवढा आत्मविश्वास, बरोबरी नको म्हणाला. मला उलटं वाटतं. स्वतःवर पक्का भरवसा असता तर तो म्हणाला असता ठीक आहे, उद्या रॅपिड खेळू, तिथेही बघून घेऊ. त्याला आजच्या आज, इथेच, सोफियातच किताब हवा होता, आणि ही महत्त्वाकांक्षा झाली, तीही अशी की जी पटावरच्या पोझिशनला विचारतच नाही. गंमत म्हणजे हाच टोपालोव 2005 मध्ये अर्जेंटिनात सान लुइसला वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा पहिल्या सात डावांत साडेसहा पॉइंट काढून बसला, आणि पुढचे सातही डाव? सगळे बरोबरीत! दीड पॉइंटने जिंकला. इतका आक्रमक माणूस, पण तिथे बरोबरीवर बरोबरी करताना त्याला काही कमीपणा वाटला नाही, कारण जे हातात होतं ते पुरेसं आहे हे त्याला कळत होतं. म्हणजे माणूस एकच, दोन स्पर्धा, एकीत आत्मविश्वास खेळला आणि दुसरीत महत्त्वाकांक्षा.

आता कुणी म्हणेल की 2010 मध्ये तो जिंकला असता तर तुम्हीच कौतुक केलं असतं. केलं असतंच, पण "धाडसी" म्हणून, "आत्मविश्वासू" म्हणून नाही.

हाय जंपमध्ये तर हा फरक नियमातच आहे. स्टेफ्का कोस्तादिनोवा, प्लोव्हदिवची, 1987 मध्ये रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला 2.09 मीटर, वय 22. तो रेकॉर्ड 2024 च्या जुलैपर्यंत टिकला, जवळजवळ 37 वर्षं, मग युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने पॅरिसमध्ये 2.10 मारली. हाय जंपमध्ये सहसा जिंकणारीसुद्धा शेवटी बार पाडूनच थांबते, कारण बार वर वर जातच राहतो, आणि खेळाडूला एक सोय असते की एखादी उंची "पास" करायची, म्हणजे न उडता पुढच्या उंचीला थेट जायचं. बार किती वर न्यायचा ही झाली महत्त्वाकांक्षा, आणि कुठली उंची सोडून द्यायची, कुठून सुरुवात करायची, पाय किती राखून ठेवायचे हा झाला आत्मविश्वास, आणि हे दुसरं टीव्हीवर कुणाला दिसत नाही.

स्टेफ्काचं बघा, वर्ल्ड रेकॉर्ड नावावर असताना 1988 ला सोल ऑलिंपिकला गेली, सगळे म्हणत होते सोनं तिचंच, आणि जंप-ऑफमध्ये (बरोबरी तोडायच्या जादा उड्यांत) अमेरिकेच्या लुईज रिटरकडून हरली. 1992 बार्सिलोना, चौथी. म्हणजे जगात सगळ्यात उंच उडी मारलेली बाई आणि ऑलिंपिक सोनं नाही. मग 1995 च्या सुरुवातीला मुलगा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोटेबोर्गला परत वर्ल्ड चॅम्पियन, आणि 1996 ला अटलांटात, वय 31, 2.05 मीटरचा ऑलिंपिक रेकॉर्ड करून सोनं. ह्यात महत्त्वाकांक्षा होती का, होती, ऑलिंपिक सोनं कुणाला नको असतं. पण 22 व्या वर्षीच्या 2.09 शी रोज स्वतःची तुलना करत बसली असती तर 2.05 तिला कमीच वाटली असती ना. नऊ वर्षांपूर्वीच्या स्वतःपेक्षा चार सेंटिमीटर खाली उडून ती ऑलिंपिक चॅम्पियन झाली.

तसंच रुम्याना नेयकोवा, रोइंगवाली. सिडनी 2000, सिंगल स्कल्सची (एकटीने वल्हवायची) फायनल, दोन हजार मीटर वल्हवून शेवटी फोटो फिनिश, आणि बेलारूसच्या कार्स्टेनपेक्षा एक शतांश सेकंद मागे. सिल्व्हर. अथेन्सला ब्रॉन्झ, म्हणजे वर जायचं सोडून एक पायरी खालीच. आणि बीजिंग 2008 ला वयाच्या 35 व्या वर्षी गोल्ड. महत्त्वाकांक्षेच्या हिशोबात सिडनी म्हणजे पराभव, विषय संपला. पण दुसऱ्या हिशोबात ती शर्यत म्हणजे पुरावा होता की आपण त्या लेव्हलचं वल्हवतो, एक शतांश सेकंदाने काय बदलतं? आत्मविश्वासाला असा पुरावा लागतो. आरशासमोर उभं राहून "मी करू शकतो" म्हणण्याने तो येतो ह्यावर माझा तरी विश्वास नाही.

ग्रिगोर दिमित्रोवच्या बाबतीत अजून एक गोष्ट कळते, की महत्त्वाकांक्षा उसनी असू शकते. हास्कोवोचा मुलगा, वडील टेनिस कोच, 2008 मध्ये ज्युनिअर विम्बल्डन आणि ज्युनिअर यूएस ओपन दोन्ही जिंकला, बॅकहँड एका हाताचा आणि देखणा, झालं, पेपरवाल्यांनी नाव ठेवलं "बेबी फेड". आता फेडररसारखं व्हायचंय हे त्याने ठरवलं की लोकांनी त्याच्या खांद्यावर ठेवलं? पुढे 2017 ला एटीपी फायनल्स जिंकली, जगात तिसरा झाला, मग घसरला, आणि 2019 च्या यूएस ओपनला 78 व्या रँकिंगला असताना क्वार्टर फायनलमध्ये पाच सेटमध्ये खुद्द फेडररला हरवलं, त्याआधीच्या सातही मॅच हरलेला होता त्याच्याशी. "बेबी फेड" म्हणायचं बंद झाल्यावरच फेडररला हरवलं हे मला फार आवडतं (योगायोग असेल, असू दे). ग्रँड स्लॅम त्याला मिळालं नाही. विम्बल्डन 2025 ला सिनरविरुद्ध दोन सेट पुढे असताना छातीचा स्नायू गेला आणि मॅच सोडावी लागली. तिथे ना महत्त्वाकांक्षा कामाची ना आत्मविश्वास, स्नायू म्हणजे स्नायू. यश ही ह्या दोघांपेक्षा वेगळी तिसरीच गोष्ट आहे आणि ती दोघांचंही ऐकत नाही.

उसन्या महत्त्वाकांक्षेचं टोक बघायचं तर बल्गेरियाचं वेटलिफ्टिंग. कोच इव्हान आबाजिएव्ह, रोज जवळपास मॅक्स वजन उचलायचं, दिवसातून अनेक सेशन्स, जगभर "बल्गेरियन मेथड" म्हणून प्रसिद्ध. त्याच सिस्टिममधला नाईम, तुर्की वंशाचा, कर्दझालीकडचा, उंची दीड मीटरपेक्षा कमी, पोरवयातच वर्ल्ड रेकॉर्ड. सरकारने तुर्की लोकांची नावं बदलायची मोहीम काढली आणि त्याचंही नाव बदलून नाउम शालामानोव केलं. महत्त्वाकांक्षा देशाची, नावही देशाने दिलेलं. 1986 मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो पळाला, तुर्कस्तानात गेला, नाईम सुलेमानोग्लू झाला आणि 1988 ला सोल ऑलिंपिकला क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) 190 किलो उचलले, 60 किलोच्या गटात. मेथड तीच, खांदे तेच, महत्त्वाकांक्षा मात्र आता स्वतःची.

कलाकारांमध्ये क्रिस्तो. गाब्रोवोचा, 1957 मध्ये प्रागहून मालगाडीत लपून व्हिएन्नाला पळाला, मग पॅरिस, तिथे जान-क्लोद भेटली, आणि दोघांनी आयुष्यभर इमारती, पूल, किनारे कापडाने गुंडाळले. महत्त्वाकांक्षा म्हणाल तर ह्यांच्याएवढी कुणाचीच नसेल. बर्लिनचं राइशटाग (जर्मन संसदेची इमारत) गुंडाळायची कल्पना 1971 ची, प्रत्यक्षात आलं 1995 ला, मध्ये 24 वर्षं नकार, पत्रं, भेटी, शेवटी जर्मन संसदेत चर्चा होऊन मतदान झालं, 292 विरुद्ध 223, आणि मग दोन आठवडे ती इमारत चंदेरी कापडात, बघायला 50 लाख लोक. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या 7,503 कमानी, कल्पना 1979 ची, उभ्या राहिल्या 2005 ला. सगळं स्वतःच्या पैशाने, क्रिस्तोची ड्रॉइंग विकून, स्पॉन्सर नाही, सरकारी अनुदान नाही. आणि दोन आठवड्यांनी सगळं काढून टाकायचं!

पण त्याचा आत्मविश्वास बघायचा तर कोलोरॅडोत बघा. अर्कन्सा नदीवर कापड ताणायचा प्रोजेक्ट, 1992 पासून मागे लागलेला, कोर्टकचेऱ्या, स्वतःचे लाखो डॉलर गेलेले, आणि 2017 च्या जानेवारीत त्याने तो स्वतःहून सोडून दिला, कारण जमीन केंद्र सरकारची आणि नवा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प, त्याचा फायदा होईल असं काही करायचं नाही. वीसहून जास्त वर्षांचं काम एका निर्णयात बंद. नुसता महत्त्वाकांक्षी माणूस हे करूच शकत नाही, तो म्हणेल एवढं केलंय तर आता पूर्ण करूच. सोडून देता येणं ही माझ्या मते आत्मविश्वासाची सगळ्यात सोपी ओळख आहे, आणि आपल्याकडे मात्र सोडलं की लगेच "हरला" म्हणतात. (2020 मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी पॅरिसची आर्क द ट्रायम्फ त्याच्या प्लॅनप्रमाणे गुंडाळली गेली, ती कल्पना साठच्या दशकातली.)

आणि महत्त्वाकांक्षेशिवाय पण काही लोक फार लांब पोचतात. रोडोपी डोंगरातली वाल्या बाल्कान्स्का, लोकगीतं गाणारी, तिचं एक गाणं 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानातल्या सोनेरी तबकडीवर गेलं. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो". अंतराळात जायचंय असं काही ह्या दोघींपैकी एकीने ठरवलं नव्हतं. पण केसरबाईंनी रेडिओला नकार दिला होता हे लक्षात घ्या, आपण काय गातो ह्याची खात्री असल्याशिवाय कोण नाही म्हणेल.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं तो जिम्नॅस्ट योर्दान योव्हचेव्ह. 1992 ते 2012, सलग सहा ऑलिंपिक. चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन. ऑलिंपिकमध्ये एक सिल्व्हर, तीन ब्रॉन्झ, सोनं शून्य. अथेन्स 2004 ला रिंग्जमध्ये ग्रीसच्या ताम्पाकोसला 9.862 आणि ह्याला 9.850, त्यावर बल्गेरियात आजही चिडून बोलणारे भेटतील. त्यानंतर आणखी दोन ऑलिंपिक खेळला. लंडनला वय 39, देशाच्या जिम्नॅस्टिक्स फेडरेशनचा अध्यक्षही तोच आणि खेळाडूही तोच, रिंग्जच्या फायनलमध्ये पोचला आणि सातवा आला. सोन्याची आशा म्हणून लंडनला गेला होता असं मला वाटत नाही. समोरचे काही जण त्याच्या पहिल्या ऑलिंपिकच्या वेळी अगदी लहान होते.