कानाला दडे बसले? काडी घालण्याआधी हे वाचा

नाशिकच्या रामकुंडात डुबकी मारली किंवा घरी डोक्यावरून आंघोळ केली आणि एका कानाला दडे बसले, की आपण मान वाकडी करून पाणी काढायला बघतो. पण कित्येकदा पाणी केव्हाच निघून गेलेले असते. आतला मळ भिजून फुगतो आणि नळी बंद होते.

मळ म्हणजे घाण नव्हे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच. तो धूळ अडवतो, त्वचा कोरडी पडू देत नाही. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत असते, जेवताना-बोलताना जबडा हलतो, आणि मळ आपला आपण बाहेर येतो. तरी तो पडद्याला टेकलेला दिसला, तर बहुधा कापसाच्या काडीने, कानकोरण्याने किंवा गाडीच्या किल्लीने तिथवर ढकललेला असतो. काडीला पिवळे लागले की बरे वाटते खरे, पण उरलेला मळ त्याच फटक्यात आत ठासला जातो. दिवसभर इअरफोन लावणाऱ्यांचा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मोठ्या आवाजापासून बचावाला कानात प्लग घालणाऱ्यांचाही मळ असाच अडतो. (प्लग मात्र सोडू नका, मळ काढता येतो, आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.)

घरी करायचे ते इतकेच: मळ मऊ करणे. औषधाच्या दुकानातले मळ मऊ करणारे थेंब किंवा साधे ऑलिव्ह तेल घ्या. बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. कुशीवर झोपून 2-3 थेंब सोडा, 5 मिनिटे तसेच पडून राहा. दिवसातून दोनदा, 3 ते 5 दिवस. सुरुवातीला दडे वाढल्यासारखे वाटतील. मळ फुगतो म्हणून. लसूण घालून कढवलेले तेल नको, कान भाजतो. कान वाहत किंवा ठणकत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचे ऑपरेशन झाले असेल, तर एकही थेंब घालू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

मऊ झालेला मळ डॉक्टर सक्शनने (बारीक नळीने ओढून) किंवा पाण्याच्या धारेने काढतात. पाणी 37 अंशांच्या आसपासच हवे. गार किंवा जास्त गरम पाण्याने गरगरते. मधुमेह असेल तर आधी सांगा, अशा कानात जंतुसंसर्ग लवकर बळावतो.

श्रवणयंत्र शिट्टी मारू लागले किंवा त्याचा आवाज बसला, तर दुरुस्तीला टाकण्याआधी वॅक्स गार्ड (मळ अडवणारी त्याची छोटी जाळी) तपासा. यंत्र रात्री कोरड्या कापडाने पुसून ठेवा. ब्रश सकाळी फिरवा, तोवर मळ सुकून सहज झडतो. ब्रश करताना यंत्राचे तोंड खाली धरा, नाहीतर चुरा आतच पडतो.

एका कानाने अचानक, काही तासांत ऐकू येईनासे झाले, तर मात्र थेंब घालून वाट बघू नका. दुखत नसले तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कारण मळ नसून आतली नस असू शकते, आणि तिथले उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात.