राखेतलं रताळं गोड का लागतं?

चंपाषष्ठी झाली की आमच्या खानदेशात भरीत पार्ट्यांना ऊत येतो. पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ, त्यावर हिरवी लांब वांगी, बाजूला कांद्याची पात चिरत बसलेलं कुणीतरी. वांगी भाजून निघाली की मंडळी ठेचायला सरकतात आणि माझं काम सुरू होतं. आजी म्हणायची, "रताये राखमा दाबी दे." (अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे डाळीची दाय आणि केळीची केयी.) रताळी आणि दोन-चार कांदे गरम राखेत दाबायचे आणि तासभर तिकडे बघायचंही नाही.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या वहिनींनी विचारलं, "याच वावरातलं रताळं मी घरी मायक्रोवेव्हमध्ये सहा मिनिटांत शिजवते. मग ते एवढं गोड का लागत नाही?" आबांनी 'राखेचा गुण' म्हणून विषय मिटवला. राख बिचारी यात फक्त हळू तापवायचं काम करते. खरा गुण वेळेचा आहे.

कच्च्या रताळ्यात थोडी साखर असते, पण मुख्य साठा स्टार्चचा. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. ग्लुकोज गोड असलं तरी साखळीत अडकलं की जिभेला कळत नाही. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं. ते साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजची जोडी तोडत जातं. ही जोडी म्हणजे माल्टोज, आणि ते गोड असतं. मग कच्चं रताळं पडल्या पडल्या का गोड होत नाही? कारण स्टार्चचे दाणे घट्ट आवळलेले असतात, विकराला टोकच सापडत नाही. तापमान साधारण 65 अंशांच्या आसपास गेलं की दाणे पाणी पिऊन फुगतात, साखळ्या मोकळ्या होतात. 80 च्या वर मात्र विकरच बिघडू लागतं. मधल्या या पट्ट्यात रताळं जितका वेळ राहील तितकं माल्टोज जास्त. राखेत तो पट्टा ओलांडायला बराच वेळ लागतो, मायक्रोवेव्हमध्ये मिनिट-दोन मिनिटं. वहिनींना सांगितलं, एकाच रताळ्याचे दोन तुकडे करा आणि एक मंद आचेवर झाकण ठेवून भाजून बघा.

ही झाली मोडतोड. जमिनीखाली साठा बांधला कसा जातो, ते बघायला भुसावळला जावं. तिथल्या रेल्वे यार्डात डबे एका गाडीचे सुटतात आणि दुसऱ्या गाडीला लागतात, तसंच काहीसं बटाट्याच्या आत चालतं. पानांत बनलेली साखर सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपण चहात घालतो त्याच रूपात, खाली कंदात येते. तिथे ती फुटते. सुटलेला ग्लुकोजचा डबा तसाच साखळीला जोडता येत नाही. आधी त्याला एडीपी नावाची कडी लावावी लागते, आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. मग स्टार्च सिंथेज एकेक डबा जोडत जातं. फांद्या फोडणारं विकर वेगळं: ते साखळीचा तुकडा कापून दुसऱ्या साखळीच्या कुशीत चिकटवतं. हे मात्र भुसावळला जमायचं नाही. अशा फांद्याफांद्यांच्या एका रेणूत ग्लुकोजची संख्या लाखांच्या घरात जाते.

कंद एवढा खटाटोप का करतो? तेवढी साखर सुटी ठेवली तर ती पाणी खेचून पेशी फुगवेल. स्टार्चचा दाणा मात्र निमूट पडून राहतो.

ही जोडणी कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. 1940 मध्ये चार्ल्स हेन्स यांनी बटाट्यातल्या फॉस्फोरिलेज या विकराकडून परीक्षानळीत स्टार्च बनवून घेतला, आणि पुढे कित्येक वर्षं हेच बांधकाम करणारं विकर, असं धरून चाललं. पण कंदाच्या आत फॉस्फेट इतकं असतं की तिथे त्याचा ओढा साखळी तोडण्याकडेच राहतो. खरा रस्ता कडीवाला निघाला. तो अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआर यांच्या गटाच्या कामातून उलगडला. अशा कडीवाल्या साखरांच्या शोधासाठीच लेलुआर यांना 1970 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझं लाडकं विकर मात्र तिसरंच. 1953 मध्ये पीट, व्हेलन आणि रीस यांना बटाट्याच्या रसात 'डी-एन्झाइम' सापडलं. ते एकूण जोड वाढवतही नाही, कमीही करत नाही. तीन डब्यांच्या दोन गाड्या दिल्या तर एक पाच डब्यांची करतं आणि एक डबा सुटा ठेवतं. सहाचे सहा, गाड्याही दोनच! शुद्ध शंटिंग, वरून ऊर्जेचा खर्च नाही. तीन डब्यांच्या तुकड्यापुढे बीटा-अमायलेज अडतं. पाचांची गाडी केली की त्याला पुन्हा दोन-दोन तोडता येतात.

बटाटा थंडीतही गोडावतो. फ्रिजमध्ये काही दिवस ठेवलेल्या बटाट्यात स्टार्च फुटून सुक्रोज होतं, आणि इन्व्हर्टेज नावाचं विकर त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं. तळताना हीच साखर काळपट डाग पाडते. म्हणून वेफर्ससाठी कुफरी चिप्सोनासारखे वेगळे वाण लागतात.

आता राखेतला कांदा. एक गंमत करून बघा: केमिस्टकडून टिंक्चर आयोडीन आणा, कापलेल्या बटाट्यावर एक थेंब टाका. निळाकाळा डाग पडेल. तोच थेंब कांद्यावर टाकलात तर तपकिरीच राहील, कारण कांदा स्टार्च साठवत नाही. तो फ्रुक्टान साठवतो, म्हणजे फ्रुक्टोजच्या आखूड साखळ्या. इथे कडी लावायची भानगडच नाही. एक विकर सुक्रोजचे दोन रेणू घेतं, एकाचं फ्रुक्टोज दुसऱ्याला देतं आणि ग्लुकोज सोडून देतं. सुक्रोज फुटताना मिळणारी ऊर्जा पुरते. ज्या कांद्यात फ्रुक्टान जास्त तो घट्ट, कमी पाण्याचा, चाळीत टिकणारा. जळगावकडे सुकवायला पांढरा कांदा निवडतात तोही घट्ट गराचाच. कोंब फुटायची वेळ आली की दुसरी विकरं याच साखळ्यांच्या टोकाचं एकेक फ्रुक्टोज सोडवून कोंबाला पुरवतात.

आपल्याकडे मात्र फ्रुक्टान पचवणारं विकर नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसंच पोचतं आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारून वायू सोडतात. भरीत पार्टीनंतर आबा ज्या गोष्टीचा दोष दरवर्षी वांग्याला देतात, तिच्यात पात आणि राखेतल्या कांद्याचा वाटा मोठा असावा, असा माझा संशय आहे. आबांना अजून सांगितलेलं नाही.