मराठीतून शोधायला आपण कसे शिकलो

शेतकरी मावशी फोन तोंडाजवळ धरून ‘सातबारा कसा काढायचा’ असं विचारतात आणि पुढ्यात उत्तर येतं. यामागे जवळजवळ तीस वर्षांची खटपट आहे. त्यातली बरीचशी खटपट मराठी अक्षरं संगणकाला कळावीत यासाठीच झाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम जोडायचा, म्हणजे नेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडलेला. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी साखर पट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. तिथे ऊसउत्पादकांना मुख्यतः उपयोग झाला तो उसाच्या नोंदी आणि वजनाचा हिशेब पाहण्यासाठी. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण माणूस शिकतो ते त्याच्या कामाचं काही मिळतं तेव्हाच. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्याच्या केंद्रांत पोचला, आणि पहिल्यांदा माउस हातात धरला तो तिथेच, असं सांगणारे हजारो लोक आहेत.

पण शोधायचं कुठल्या भाषेत? खरी अडचण इथे होती. त्या काळी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टाइप होई. प्रत्येक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली मराठी अक्षरं बसवी, तीही आपापल्या क्रमाने. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसे, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. शोधयंत्र वाचणार ती खिचडीच! म्हणजे नेटवर मराठी मजकूर असूनही तो सापडत नसे, आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला तर वाचताही येत नसे. मराठी माणूस शोधायला शिकला तो म्हणूनच इंग्रजीतून.

उपाय कागदावर होता: प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक द्यायचा. भारतीय लिपींसाठी इस्कीचं मानक १९९१ चं, आणि जगभरच्या लिपींसाठी असलेल्या युनिकोड या मानकाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छपाईची सगळी कामं जुन्या फॉन्टांवर चालत, ती सोडणार कोण? विंडोज एक्सपीत देवनागरी चालू करायची तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे, वर मूळ सीडीही घालावी लागे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. युनिकोड रुळत गेलं तसं मराठी शब्द टाकून मराठी पान मिळणं शक्य झालं.

२०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली. कळफलकाची अडचण एका झटक्यात बाजूला पडली.

तरी शिकवताना काही गोष्टी आजही सांगाव्याच लागतात. ‘सातबारा’ आणि ‘७/१२’ दोन्ही टाकून पाहा. ‘पुण्यातल्या’ने काही मिळालं नाही तर नुसतं ‘पुणे’ टाका. आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, पण नेमकी अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.