एक नाव, दोन शनिवार पेठा

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने मला आपला ‘सी’ भाषेतला प्रोग्राम दाखवला. रोमन लिपीतला ‘सातारा’ हा सहा अक्षरी पासवर्ड अचूक टाइप केला, तरी पडद्यावर ‘चुकीचा पासवर्ड’ असेच उमटत होते. “सर, कंपायलरच बिघडलाय,” असे तिचे निदान होते; कंपायलर म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती; तिचा कंपायलरवर काही परिणाम झालेला नव्हता, आणि तो बिघडलेलाही नव्हता.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅबमध्ये घडवलेल्या या भाषेत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हा मेमरीत ओळीने मांडलेले बाइट (रोमन अक्षरामागे एक) आणि अखेरीस शून्य मूल्याचा एक बाइट. म्हणून या सहा अक्षरांना सात बाइट लागतात. अशा ओळीचे, म्हणजे ॲरेचे, नाव तुलनेत लिहिले की त्याच्या जागी पहिल्या बाइटचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, येतो. शनिवार पेठ साताऱ्यात आहे, तशी पुण्यातही आहे. पाटीवरची अक्षरे तीच, पण एकीचा पिनकोड ४१५ने सुरू होतो आणि दुसरीचा ४११ने. तिने तुलनेसाठी वापरलेले दुहेरी बरोबर चिन्ह (==) पाटी वाचतच नाही, केवळ पत्ते ताडून पाहते.

फसगत पुढेच आहे. अवतरणचिन्हांतला एकच शब्द प्रोग्राममध्ये दोनदा लिहिला, तर कंपायलर जागा वाचवण्यासाठी तो मेमरीत एकदाच ठेवू शकतो. मग पत्ते जुळतात, उत्तर ‘समान’ येते आणि चुकीची पद्धत बरोबर असल्याचा समज पक्का होतो.

पाटी वाचण्याचे, म्हणजे दोन शब्द अक्षरशः ताडून पाहण्याचे, काम ‘स्ट्रकंप’ (strcmp) हे ‘सी’मधले तयार फंक्शन करते. रोमन लिपीतल्या ‘सातारा’ आणि ‘सांगली’ यांची पहिली दोन अक्षरे जुळतात. तिसऱ्या ठिकाणी ‘टी’चा संगणकातला क्रमांक ११६ आणि ‘एन’चा ११० समोरासमोर येताच ते थांबते व धन संख्या परत देते. ही संख्या ६ असेल की १, याची हमी नाही; हमी फक्त ती धन की ऋण याची. शब्द समान असतील तर शून्य मिळते, आणि ‘सी’च्या लेखी शून्य म्हणजे असत्य असल्यामुळे ‘इफ’च्या (‘जर’च्या) अटीत नवशिके पुन्हा अडखळतात.

हेच शब्द देवनागरीत, यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीने लिहिले, तर प्रत्येकी १८ बाइट होतात आणि पहिला फरक नवव्या बाइटवर सापडतो. मात्र मराठी शब्दांची यादी या फंक्शनवर विसंबून लावू नये. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचे स्थान ‘ल’ला लागूनच आहे, म्हणून ‘स्ट्रकंप’च्या यादीत ‘काळ’ हा ‘कास’च्या आधी येऊन बसतो.