एचडीआर टाइम-लॅप्स (कोकण किनारा)

ठरावीक अंतराने फोटो काढत राहायचं, दर वेळी कमी-जास्त एक्स्पोजरचे (म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेणारे) तीन फोटो घ्यायचे, ते मर्ज करून एक फ्रेम करायची आणि अशा फ्रेम्स जोडून व्हिडिओ बनवायचा, अशी ही पद्धत. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप काळे असे दोन्ही भाग नीट दिसणं. कोकणात तिची खरी गरज सूर्यास्तालाच पडते. हर्णैच्या किनाऱ्यावरून बघा, सूर्य सरळ समुद्रात उतरतो आणि समोरचा सुवर्णदुर्ग पार काळाठिक्कर पडतो.

वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडायची सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही. बहुतेक जण फ्रेंच फोटोग्राफर ग्युस्ताव्ह ल ग्रे याचं नाव घेतात. 1856-57च्या सुमारास त्याने आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढल्या, कारण तेव्हाच्या कोलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचेवर आकाश पांढरंफटक यायचं. पण त्याचं तेच आकाश एकाहून जास्त फोटोंत सापडतं, म्हणजे दोन्ही निगेटिव्ह एकाच वेळच्या असतीलच असं नाही, शिवाय त्याचे काही समुद्र एकाच निगेटिव्हचे आहेत, तेव्हा त्याला ब्रॅकेटिंगचा (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो घेण्याचा) जनक म्हणणं जरा ओढूनताणूनच होतं. आजच्या मर्जिंगमागचं गणित स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांच्या 1995च्या निबंधाकडे आणि पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांच्या 1997च्या निबंधाकडे नेणं जास्त पटतं. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरूनच कॅमेऱ्याचा रिस्पॉन्स कर्व्ह (किती उजेडाला कॅमेरा किती उजळ नोंद करतो ते) काढायचा, हे दोन्हींत आहे. टाइम-लॅप्स मात्र खूप जुनं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1912च्या आसपास वाटाण्याचं रोप वाढताना असंच टिपलं होतं.

सेकंदाला 25 फ्रेम्सच्या हिशेबाने 10 सेकंदांच्या व्हिडिओला 250 फ्रेम्स, म्हणजे 750 फोटो, आणि दर 10 सेकंदांनी तीन फोटोंचा एक सेट घेतला तर साधारण 42 मिनिटं. फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक ठरवणारं सेटिंग) मॅन्युअलच ठेवायचा. उजेड असताना 1/500, 1/125, 1/30 सेकंद असे दोन-दोन स्टॉपच्या फरकाचे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फोटो निवांत बसतात, पण अंधार पडल्यावर तेच अर्धा, 2 आणि 8 सेकंद झाले की बेरीज साडेदहा होते आणि 10 सेकंदांचा इंटर्व्हल कोलमडतो, कॅमेरा सेट गाळायला लागतो. टोनमॅपिंग, म्हणजे मर्ज केलेली फ्रेम स्क्रीनवर दिसेल अशी बसवणं, प्रत्येक फ्रेमचा वेगळा विचार करतं म्हणून फ्लिकर (व्हिडिओत उजेडाची लुकलुक) येतो तो निराळाच.

समुद्रावरची मोठी अडचण घोस्टिंगची. तिन्ही फोटोंमध्ये लाट पुढे सरकलेली असते, माडाच्या झावळ्या हललेल्या असतात, मर्ज केल्यावर फेसाला दोन-तीन कडा दिसतात आणि जाणारी होडी भुतासारखी अर्धवट उमटते. म्हणून बरेच जण ब्रॅकेटिंग सोडून एकच 14 बिट रॉ फोटो (सेन्सरची सगळी माहिती तशीच ठेवणारी फाइल) घेतात, एक्स्पोजर हळूहळू वाढवत नेतात आणि सावल्या नंतर एडिटिंगमध्ये उजळतात. जांभ्याचा कडा, तट असल्या न हलणाऱ्या गोष्टींना ब्रॅकेटिंग ठीक, पाण्याला मात्र सिंगल रॉच बरा.

पुळणीवर ट्रायपॉड ओल्या वाळूत खचतो, आणि थोडा जरी खचला तरी अख्खी क्लिप तिरकी होते, त्यामुळे शक्यतो कातळावर लावावा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो तो पुसायला मध्ये हात घालता येत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे सूर्यास्ताला पाणी खूप आत गेलेलं आणि खडक उघडे. खडकांवर आपटणाऱ्या लाटा हव्या असतील तर अष्टमीच्या आगेमागे जावं.